मेल्या म्हशीचे दूध

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. माझी मोटार गेली, तिचे दुःख मी केव्हाच गिळले. सातव्या वर्षात असलेली, पांढऱ्या रंगाची, चार माणसे आणि एक आंब्याची पेटी सुखाने वाहणारी ती एक साधी लहान मोटार होती. तिच्यावर काव्य करावे अशी काही ती नव्हती. परंतु ती गेल्यावर तिची किंमत ठरविण्याचा जो सोहळा झाला, तो पाहून काळ किती सोकावला आहे याची मला चांगलीच कल्पना आली. दिवाळीच्या अंकात फराळाच्या ताटाशेजारी भांडण वाढून ठेवणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. तरीही लिहावयास बसलो आहे. कारण ज्या कोणाच्या दारातील मोटारीला, ट्रॅक्टरला किंवा पिकअपला नुकत्याच झालेल्या दसऱ्याला झेंडूची माळ पडली असेल, त्या प्रत्येकाचे हे भांडण आहे. आज माझे आहे, उद्या त्याचे असेल.

गोष्ट थोडक्यात सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत मी आणि आमचे कुटुंब इंदूरहून शिरपूरला परत येत होतो. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधवा मागे पडले की बिजासन घाटाचा उतार लागतो आणि महाराष्ट्रात शिरताच पळासनेर येते. हा उतार आमच्या तालुक्याच्या चांगला परिचयाचा आहे. ४ जुलै २०२३ रोजी याच पळासनेरजवळ ताबा सुटलेला एक कंटेनर वाटेतल्या वाहनांना धडकत हॉटेलात घुसला आणि निदान दहा माणसे प्राणास मुकली. त्या जागेवरून जाताना आजही माणूस बोलणे थांबवतो. आमच्या नशिबी मात्र एवढे वाईट नव्हते. आम्ही चहाला उतरलो होतो, मोटार कडेला कडुलिंबाखाली उभी होती, आणि ब्रेक तापलेला एक मालट्रक मागून येऊन तिला झाडावर दाबून थांबला. ट्रकचा चालक सुखरूप खाली उतरला. आम्ही हातातले कप तसेच धरून पाहत राहिलो.

गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा अंदाज दिला तो दोन लाख पासष्ट हजारांचा. आता नियम असा आहे, की मोटार परत आणणे आणि दुरुस्त करणे यांचा एकूण खर्च विम्याच्या किंमतीच्या पाऊणपटीहून अधिक होत असेल, तर ती मोटार पूर्ण गेली असे समजावयाचे. यालाच सारे ‘टोटल लॉस’ म्हणतात. माझ्या विमापत्रावर छापलेली किंमत होती दोन लाख ऐंशी हजार. त्याचे पाऊणपट होतात दोन लाख दहा हजार. मी चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. हा हिशेब मला रस्त्यावर उभ्या उभ्या करता आला. कंपनीच्या सर्व्हेयरने येऊन छायाचित्रे काढली, त्यानेही मान डोलावली. मोटार पूर्ण गेली याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते.

दुमत झाले ते पुढे. महिन्याभराने कंपनीचे पत्र आले. त्यातला हिशेब असा: मोटारीचा बाजारभाव एक लाख नव्वद हजार, वजा मोडक्या मोटारीचे भंगार पासष्ट हजार, ते मालकानेच ठेवावे, वजा मालकाने सोसावयाचे नियमाचे एक हजार, देय रक्कम एक लाख चोवीस हजार. सोबत एक छापील पावती जोडलेली, ‘पूर्ण व अंतिम समाधान झाले’ अशा अर्थाची, आणि सहीच्या जागेवर पेन्सिलीने केलेली फुली.

मी ते पत्र दोनदा वाचले. आमच्या कुटुंबाने एकदाच वाचले. रेशनकार्ड आणि मुलांचे जन्मदाखले ज्या डब्यात असतात त्यातून तिने विमापत्र काढले, त्यावरचा दोन लाख ऐंशी हजारांचा आकडा बोटाने दाखवला आणि रागावल्यावर तिच्या तोंडी जी माहेरची अहिराणी येते, तीत विचारले, “मंग हप्ता कोनता भाववर लिधा त्यास्नी?”

हा सबंध लेख म्हणजे या एका प्रश्नाचा विस्तार आहे, असे वाचकांनी समजावे.

कंपनीच्या जिल्ह्याच्या कचेरीत मी गेलो. तिथला तरुण अधिकारी मोठा विनयशील होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिले, ‘सर’ म्हटले. सगळे दिले, फक्त पैसे दिले नाहीत. प्रथम तो म्हणाला, “सर, जीव वाचला हे काय कमी आहे?” मी म्हटले, “बाबा रे, जीव वाचवला तो परमेश्वराने. त्याची दलाली तुझ्या कंपनीने का कापावी?” मग तो हसला आणि म्हणाला, “तसं नाही सर. पण माणसाला आपली गेलेली वस्तू नेहमी मोठी वाटते. मेल्या म्हशीला मणभर दूध, अशी म्हणच आहे ना.”

म्हण खरी आहे. परंतु ती त्याने चुकीच्या माणसाला ऐकवली. माझी म्हैस मणभर दूध देत होती, असे मी मेल्यावर सांगितले नव्हते. ती जिवंत असताना, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच्याच कंपनीने दुधाचे माप घातले, ते कागदावर छापले, त्या मापावर हप्ता आकारला आणि माझ्याकडून वसूलही केला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत नव्वद हजारांचे दूध कोठे आटले? मोटार तीच, मालक तोच, कंपनी तीच. बदलले एवढेच, की ऑक्टोबरात पैसे मी द्यावयाचे होते आणि मार्चात कंपनीने.

येथे कोणी म्हणेल, की विमा म्हणजे नुकसानभरपाई. जेवढे गेले तेवढेच मिळावे. म्हातारी मोटार ठोकून नव्या मोटारीचे पैसे उकळणे हा काही विमा नव्हे. हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. विम्याच्या धंद्यात लबाड गिऱ्हाईक नसते असेही मी म्हणत नाही. पण या तत्त्वाची सोय नियमातच करून ठेवलेली आहे, आणि ती काल-परवा केलेली नाही. पूर्वी विमापत्रावर मालकाने अंदाजे सांगितलेली किंमत लिहीत आणि मोटार गेली म्हणजे त्या दिवसाचा बाजारभाव काय, यावर हुज्जत घालीत. हुज्जतीत कोण हरत असे, हे सांगावयास नको. म्हणून १ जुलै २००२ पासून जे अखिल भारतीय मोटार दरपत्रक लागू झाले, त्यात ही हुज्जतच मिटवून टाकली. कंपनीच्या यादीतील नव्या मोटारीची विक्री-किंमत घ्यावयाची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करावयाचा: सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस, पाचपर्यंत पन्नास. पाच वर्षांपुढच्या मोटारीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावयाची. अशा रीतीने आलेला जो आकडा, तोच विम्याची घोषित किंमत. हीच ती ‘आयडीव्ही’, जी आपण सारे फोनवर ऐकतो आणि विसरतो.

आणि या नियमाची खरी मेख पुढेच आहे. मोटार पूर्ण गेली तर विम्याच्या मुदतीत हीच किंमत तिचा बाजारभाव समजावी, आणि तीतून आणखी घसारा कापू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २००७ साली हप्त्याचे दर कंपन्यांवर सोपवण्यात आले. परंतु हे कलम विमापत्रात तसेच राहिले. तुमच्या विमापत्रातही ते आहे. बारीक अक्षरात आहे, इंग्रजीत आहे, पण आहे. म्हणजे ‘बाजारभाव’ नावाचे जे भूत कचेरीच्या टेबलावर मला दाखवण्यात आले, त्याला वीस वर्षांपूर्वीच मूठमाती दिलेली होती. घसारा नको असे मी म्हणतच नाही. घसारा कापूनच तो आकडा आलेला आहे. एकदा ताक घुसळून लोणी काढल्यावर त्याच ताकात पुन्हा रवी घालू नका, एवढेच माझे म्हणणे.

हे सारे मी पत्रात लिहिले आणि पोच घेऊन दिले. पोच घेऊन, हे शब्द वाचकांनी विसरू नयेत. तोंडी सांगितलेले कचेरीच्या पंख्याच्या वाऱ्याने उडून जाते.

आता कंपनीने जे केले, त्यात मला गणिताचा एक नवाच प्रकार शिकावयास मिळाला. दुसरे पत्र आले. त्यात दोन लाख ऐंशी हजार ही किंमत निमूटपणे मान्य केलेली होती. मी आनंदाने पुढची ओळ वाचली: वजा भंगार, एक लाख वीस हजार. देय रक्कम, एक लाख एकोणसाठ हजार. पहिल्या पत्रातले पासष्ट हजारांचे भंगार पाच आठवड्यांत एक लाख वीस हजारांचे झाले होते! गॅरेजच्या आवारात उन्हात पडलेल्या त्या पत्र्याला मधल्या काळात कोणी एक खिळाही मारला नव्हता. जिवंत मोटारीची किंमत दिवसेंदिवस उतरते आणि मेलेल्या मोटारीची चढते, हे सृष्टिशास्त्र मला नवे होते. चौकशी केली तेव्हा कळले, की कोठल्याशा दूरच्या भंगारवाल्याने संगणकावरच्या लिलावात ती बोली लावली आहे. मी मोटार त्याला विकावी आणि एक लाख वीस हजार त्याच्याकडून घ्यावेत.

मी अधिकाऱ्याला विचारले, “हा भाव खरा आहे ना?”

“अगदी खरा, सर.”

“मग फारच चांगले झाले. मोटार तुम्ही घ्या, एक लाख वीस हजार तुम्ही त्याच्याकडून घ्या, आणि मला माझे दोन लाख एकोणऐंशी हजार द्या. तुमचेही नुकसान नाही, माझेही नाही.”

त्यावर तो प्रथमच गप्प झाला. बोली इतकी खरी असती तर ती स्वतः घेण्यास कंपनीला अडचण कसली होती? भाव खरा होता तो मी विकावयाचे तोवर. कंपनीवर विकण्याची पाळी येताच तो दूरचा भंगारवाला एकाएकी बेभरवशाचा झाला. शिवाय यात आणखी एक धोका आहे, तो कोणी सांगत नाही. भंगार जाते, पण मोटारीचे नोंदणीपुस्तक मागे राहते किंवा भंगाराबरोबर जाते, आणि चोरीच्या एखाद्या मोटारीला आपला नंबर लागून ती रस्त्यावर फिरू लागते. मोटार नष्ट झाली तर चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे पंचावन्नावे कलम सांगते. अनोळखी माणसाच्या हाती मोडकी मोटार आणि तिची कागदपत्रे देऊन मोकळे होणे, म्हणजे आपल्या नावाने त्याला कोरा कागद सही करून देणे होय.

आमच्या खानदेशात बैलबाजारात भाव ठरवण्याची एक जुनी रीत आहे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव बोलतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. शहरी माणसे त्याला हसतात. पण त्या रुमालाखाली निदान दोन हात तरी असतात! विमा कंपनीच्या रुमालाखाली एकच हात असतो. सर्व्हेयर नेमावयाचा कंपनीने, त्याचे शुल्क द्यावयाचे कंपनीने, भंगाराचा लिलाव करावयाचा कंपनीने, आणि भाव सांगावयाचा कंपनीने. आपण फक्त पेन्सिलीच्या फुलीवर सही करावयाची. आणेवारी लावणारा माणूस शेताच्या बांधावर न येता पीक किती आले ते सांगतो, हे आमच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसले. पन्नास पैशांच्या वर आणेवारी लागली की दुष्काळ कागदावरून पुसला जातो. दुसऱ्याने आपले नुकसान मोजावे आणि आपण मान खाली घालावी, ही सवय आमच्या अंगात इतकी मुरली आहे, की मोटारीच्या बाबतीतही आम्ही तीच घेऊन बसलो आहोत.

सर्व्हेयरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य, असा एक समज मुद्दाम पसरवला जातो. तो खोटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या एका खटल्यात, सर्व्हेयरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे आणि त्यापासून दूर जाताच येत नाही असे काही नाही, असे सांगून टाकले आहे. त्याच्याही आदल्या वर्षी, २००८ साली, ओरिएंटल इन्शुरन्सविरुद्धच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने आमच्या कुटुंबाच्या प्रश्नाचे उत्तरच दिले आहे. त्याचा आशय असा: विमा उतरवणे कायद्याने सक्तीचे आहे, या सक्तीमुळे कंपन्यांचा हात वर असतो, आणि एकदा वाहनाची किंमत मान्य केल्यावर पैसे देण्याची वेळ येताच तोच आकडा त्या या ना त्या सबबीने झिडकारतात. घ्यायचे तर घ्या, नाही तर सोडा, ही वृत्ती कायद्याला धरून नाही आणि नीतीलाही धरून नाही. विम्याचे नूतनीकरण करताना किंमत कंपनीनेच मान्य केलेली असताना, सर्व्हेयरचा आकडा कमी आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले.

यावर काही मित्र म्हणतात, हा सारा खाजगी कंपन्यांचा नफेखोरपणा आहे. सरकारी होते तेव्हा बरे होते. मला तसे म्हणवत नाही. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. १९७३ च्या आरंभापासून बाकीचा विमाही सरकारकडे येऊन शंभरावर कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. २००० सालापासून खाजगी कंपन्या पुन्हा आल्या. मालक बदलत गेले. पण वर सांगितलेले दोन्ही खटले सरकारी कंपन्यांशीच झाले होते, हे विसरून चालणार नाही. रोग मालकीचा नाही, मापाचा आहे. घेताना पायली आणि देताना शेर, हे ज्या दुकानात चालते, त्याच्या पाटीवर कोणाचे नाव आहे याने गिऱ्हाइकाच्या पिशवीत फरक पडत नाही.

आता थोडे आपल्याविषयीही बोलले पाहिजे. नाही तर हा लेख एकतर्फी होईल. नूतनीकरणाचा फोन येतो, पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणते, “सर, किंमत थोडी कमी धरली तर हप्ता आठशे रुपयांनी कमी होईल,” आणि आपण आनंदाने होकार देतो. आठशे रुपये वाचवताना आपण आपलीच मोटार चाळीस हजारांनी स्वस्त करून ठेवतो, हे आपल्या ध्यानीही येत नाही. मुलाचे लग्न जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. विमापत्राची चार पाने मात्र न वाचता डब्यात जातात. ती पाने वाचली असती, तर पहिल्याच दिवशी मी त्या अधिकाऱ्याला कलम दाखवू शकलो असतो. मी दाखवले ते पाच आठवड्यांनी. गणिताच्या मास्तराला हे शोभले नाही, हे कबूल करतो.

असो. दुसऱ्या पत्रानंतर मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिले. महिनाभर उत्तर आले नाही. मग मी पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार पाठवली. मुंबई आणि तिच्या आसपासचा भाग सोडला तर आपल्या महाराष्ट्राचे हे काम पुण्याला चालते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा देण्याचा त्याला अधिकार आहे, आणि सुनावणी घरबसल्या दृक्‌श्राव्य पद्धतीनेही होऊ शकते. अट एवढीच, की आधी कंपनीला लिहून महिनाभर वाट पाहिलेली असावी आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार करावी. माझी तारीख लागण्यापूर्वीच कंपनीचे तिसरे पत्र आले: मोटार कंपनी घेईल, आणि दोन लाख एकोणऐंशी हजार रुपये आपल्या खात्यात जमा होतील. सप्टेंबरात ते झाले. सात महिन्यांचे व्याज नाही, दिलगिरीचा एक शब्द नाही. जणू काही त्यांनीच मोठ्या मनाने दिले.

पैसे मिळाल्याचे पेढे वाटावे असे मला वाटले नाही, याचे कारण आमच्याच गल्लीत राहते. शिरपुरातून केळी आणि भाजीपाला घेऊन रोज रात्री इंदूरला जाणारा एक पिकअपवाला आमचा शेजारी आहे. वयाने माझ्या मुलाएवढा, पण कष्टाळूपणामुळे सारी गल्ली त्याला जिभाऊ म्हणते. माझ्याच मोटारीच्या सुमारास त्याची पिकअप नरडाण्याच्या बाजूला उलटली. तिची विम्याची किंमत होती पाच लाख वीस हजार. कर्ज फेडावयाचे राहिले होते चार लाख दहा हजार. बारीकसारीक कपात सोडून देऊ. विमापत्राप्रमाणे पैसे मिळाले असते तर कर्ज फिटून एक लाख दहा हजार त्याच्या हाती राहते, आणि दुसऱ्या जुन्या गाडीचा पहिला हप्ता भरून तो महिन्यात पुन्हा रस्त्याला लागता. त्यालाही ‘बाजारभाव’ दाखवण्यात आला: तीन लाख सत्तर हजार. मी तेव्हा माझ्याच पत्रव्यवहारात बुडालो होतो. मी त्याला म्हटले, “जिभाऊ, सही करू नकोस.” तो म्हणाला, “सर, तुमचं पेन्शन आहे. माझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो.”

त्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सही केली. तीन लाख सत्तर हजार थेट कर्ज देणाऱ्या कंपनीकडे गेले. गाडी गेली, आणि वर चाळीस हजारांचे कर्ज डोक्यावर उरले. आज तो दुसऱ्याच्या पिकअपवर रोजाने चालक आहे. त्याच रस्त्याने, त्याच रात्री, त्याच केळ्यांच्या घडांसह. माझ्या भांडणात मला नव्वद हजारांचा राग आला होता. त्याच्या बाबतीत दीड लाखाने एका मालकाचा नोकर केला. त्याची म्हातारी आई ओट्यावर बसून त्याला एकदा म्हणाली, “तुनी गाडी, तुना पैसा, आन्‌ भाव त्या ठरावतीन?” तो काही बोलला नाही.

मला कचेरीतल्या त्या विनयशील अधिकाऱ्याचा राग नाही. कदाचित त्यालाही कोणी वरून आकडा दिला असेल. मला राग आहे तो या हिशेबाचा: दहा जणांना कमी भाव सांगा, त्यातील नऊ जण सही करतील, दहावा भांडला तर त्याला पूर्ण द्या. जो भांडतो त्याला मिळते, म्हणजे न्याय आहे, असे काही लोक म्हणतात. जे छापून दिलेले आहे, ते भांडून मिळवावे लागत असेल तर त्याला न्याय म्हणत नाहीत. आणि भांडण्याची ऐपत नेमकी त्यालाच नसते, ज्याची भाकरी त्या गाडीवर चालते. माझ्यासारखा निवृत्त मास्तर सात महिने पत्रे लिहू शकतो. त्याला दुसरे काम काय आहे?

म्हणून विम्याच्या नियामकांकडे माझी मागणी साधी आहे. मोटार पूर्ण गेली असे कंपनीने एकदा मान्य केले, की विमापत्रावरचा आकडा, नियमाची कपात वगळून, निमूटपणे द्यावा. कमी द्यावयाचे असेल तर कोणत्या कलमाने, ते मराठीत, ठळक अक्षरांत त्याच पत्रात लिहावे. भंगाराचा भाव कंपनी सांगत असेल, तर त्या भावाने ते कंपनीने स्वतः घ्यावे. आणि ज्या दिवसापासून उशीर, त्या दिवसापासून व्याज द्यावे. यात नवे काहीच मागितलेले नाही. मापे एकच असावीत, एवढेच मागितले आहे.

जिभाऊचे प्रकरण मात्र संपलेले नाही. ‘पूर्ण व अंतिम’ अशा पावतीवर सही केली म्हणून अधिक भरपाई मागण्याचा हक्क जात नाही, असे विमा नियामक मंडळाने २०१५ सालीच कंपन्यांना कळवून ठेवले आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. त्याच्यासारख्या लहान प्रकरणाला तेथे शुल्कही लागत नाही. त्याच्या दोन वर्षांपैकी चौदा महिने गेले आहेत, दहा उरले आहेत. अर्ज मी लिहून ठेवला आहे. किंमत, हप्ता, तारखा, सर्व आकडे दोनदा तपासून. भाऊबीज झाली की पहिल्या कामाच्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे धुळ्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत. त्या दिवसाचा रोज बुडेल म्हणून तो अजून कां-कूं करतो आहे. तो बुडालेला रोज मी देईन, असे आमच्या कुटुंबाने त्याला परस्पर सांगूनही टाकले आहे.